अटी लागू

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर बोलायला सांगितलं, आणि सोबत तीन अटी घातल्या. वीस मिनिटांत संपव. आपल्या बाईंनाही समजेल आणि आठवीतल्या मुलांनाही समजेल असं बोल. आणि पडद्यावर चित्रं नकोत, कारण प्रोजेक्टरचा भरवसा नाही. तिन्ही अटी वाचल्या आणि मला बरं वाटलं. कारण गेली वीसेक वर्षं मी जे काम करते, ते अटींचंच आहे. अभियंते एखादी गोष्ट आखतात, तेव्हा तिच्यावर शेकडो अटी असतात. त्या सगळ्या पाळून आराखडा कसा करायचा, कुठला निर्णय आधी आणि कुठला नंतर घ्यायचा, हे संगणकाकडून काढून घेणारी सॉफ्टवेअर आम्ही लिहितो.

हे सगळं तुम्हाला आधीपासून येतं, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण येतं. भूमितीच्या तासाला आपण ‘रचना’ करायचो, आठवतंय? त्रिकोणाच्या तीन बाजू दिलेल्या असायच्या, समजा 5, 6 आणि 7 सेंटिमीटर. सर म्हणायचे, कर्कटक उचलण्याआधी कच्ची आकृती काढा. ती हातानं काढलेली वेडीवाकडी आकृती म्हणजे नियोजन. काय दिलंय, काय हवंय, सुरुवात कुठून करायची, हे तिच्यात ठरायचं. पक्की आकृती नंतर.

आता याच त्रिकोणाकडे माझ्या धंद्याच्या नजरेनं पाहा. तिन्ही बाजू दिल्या की त्रिकोण एकच येतो. माझा आणि तुमचा तंतोतंत जुळतो. फक्त तीन कोन दिले, तर लहानमोठे असंख्य त्रिकोण येतात. म्हणजे अटी कमी पडल्या. आणि सरांनी 3, 4 आणि 8 सेंटिमीटर अशा बाजू दिल्या तर? कंस एकमेकांना छेदतच नाहीत. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असावी लागते, आणि इथं ती 7 भरते. कितीही चांगलं कर्कटक आणा, असा त्रिकोण नाही. कुठल्याही अभियांत्रिकी रचनेत याच तीन शक्यता असतात: अटी अपुऱ्या, अटी नेमक्या, किंवा अटीच एकमेकींशी भांडणाऱ्या. त्रिकोणात हे चटकन दिसतं. कारखान्याच्या आराखड्यात शेकडो अटी असतात, तिथं ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून यंत्र लागतं.

संगणकाला हे शिकवायचा पहिला मोठा प्रयत्न आपल्या जन्माच्याही आधीचा आहे. 1963 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं आपल्या पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेननं ओबडधोबड रेघा मारायच्या आणि सांगायचं: या दोन समांतर हव्यात, या दोन सारख्या लांबीच्या हव्यात, इथं काटकोन हवा. संगणक रेघा हलवून अटी पूर्ण करायचा. कच्ची आकृती माणसाची, पक्की आकृती यंत्राची! आज इथं बसलेल्यांपैकी जे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांच्या हाताखाली त्याच कल्पनेचे वंशज आहेत.

बहुतेकांना वाटतं की अट म्हणजे अडथळा. जितक्या अटी जास्त, तितकं काम अवघड. संगणकाच्या बाबतीत पुष्कळदा उलट असतं. बुद्धिबळाचा पट घ्या. त्यावर आठ वजीर असे ठेवायचे की कुणीही कुणाला मारू शकणार नाही. उभ्या, आडव्या किंवा तिरप्या रेषेत दोघे नकोत. काहीच विचार न करता 64 घरांतली कुठलीही आठ घरं निवडायची म्हटलं, तर 4,42,61,65,368 प्रकार होतात. आता एकच अट वापरा, की एका आडव्या ओळीत एकच वजीर. लगेच 1,67,77,216 प्रकार उरतात. उभ्या ओळीतही एकच, असं म्हटलं की फक्त 40,320. तिरप्या रेषेची अट लावली की उरतात 92, आणि तीच उत्तरं. साडेचार अब्जांच्या जवळचा डोंगर अटींनी पोखरला. सुडोकू सोडवणारे रोज हेच करतात. एका घरात 7 पक्का झाला की त्या ओळीतल्या बाकीच्या घरांतला 7 खोडतात. संगणकही एक निर्णय घेतो, त्यामुळे कुठे काय बाद झालं ते खोडतो, अडला तर मागे येतो.

पण अटी पाळणं एवढंच पुरत नाही, क्रमही लागतो. यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. तीन डबे आहेत: पोहे, रवा, साखर. पोह्यांच्या डब्यावर साखरेचा डबा आहे, रव्याचा बाजूला एकटा. मला उतरंड अशी हवी आहे: सगळ्यांत खाली साखर, तिच्यावर रवा, वर पोहे. एका वेळी एकच डबा हलवायचा, तोही ज्याच्यावर काही नाही असाच. उद्दिष्टं दोन झाली: ‘पोहे रव्यावर’ आणि ‘रवा साखरेवर’. पहिलं आधी करू: साखर उतरवली, पोहे रव्यावर ठेवले. झालं. आता रवा साखरेवर ठेवायचा, तर त्याच्यावर पोहे बसलेत. ते परत काढा. बरं, दुसरं आधी करू: रवा उचलून साखरेवर ठेवला. पण साखर अजून पोह्यांवरच आहे, म्हणजे पोहे तळाशी अडकले; सगळं मोडा. तुम्ही म्हणाल, त्यात काय, साखर खाली घ्या, तिच्यावर रवा, त्यावर पोहे. बरोबर. पण त्यासाठी दोन्ही उद्दिष्टं एकाच वेळी डोक्यात ठेवावी लागली. एक पूर्ण करून मग दुसरं, असं चालणाऱ्या यंत्राला ते जमलं नाही. 1971 साली कॅलिफोर्नियात रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी ‘शेकी’ नावाच्या यंत्रमानवासाठी ‘स्ट्रिप्स’ हा नियोजन करणारा प्रोग्रॅम मांडला, आणि पुढच्या काही वर्षांत या तीन डब्यांच्या कोड्यानं तशा प्रकारच्या प्रोग्रॅमना चांगलंच दमवलं. ते ठोकळ्यांचे डबे होते एवढाच फरक. आमच्या पुस्तकांत ते ‘सस्मन विसंगती’ या नावानं येतं.

त्यातून एक शहाणपण निघालं, आणि मला ते फार आवडतं: जो निर्णय आत्ता घ्यायची गरज नाही, तो आत्ता घेऊ नका. फक्त त्याच्यावरची अट लिहून ठेवा. घर बांधणाऱ्याला हे माहीत असतं. टाइल्सचा रंग पहिल्या दिवशी ठरवायची गरज नाही. पण नळाचा पाइप भिंतीतून जाणार असेल, तर तो गिलाव्याच्या आधी टाकावा लागेल, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवायलाच हवं.

या विचाराचा उत्तम नमुना म्हणजे स्टॅनफर्डमध्ये मार्क स्टेफिक यांनी केलेला ‘मोल्जेन’ हा प्रोग्रॅम. 1981 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. विषय होता जनुकशास्त्रातल्या प्रयोगांची आखणी. उंदराच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून इन्सुलिन बनवून घ्यायचं. त्यासाठी एक जिवाणू हवा, जनुक आत नेणारा एक वाहक हवा, आणि ज्यांच्यात वाहक शिरलाच नाही ते जिवाणू मारून टाकायला एक प्रतिजैविक हवं. कुठला जिवाणू? कुठलं प्रतिजैविक? प्रोग्रॅम घाई करत नाही. तो एवढीच अट लिहितो: हे औषध वाहक नसलेल्यांना मारेल, असलेल्यांना मारणार नाही. या एका अटीतून पुढच्या निघतात. म्हणजे जिवाणू मुळात त्या औषधाला बळी पडणारा हवा. म्हणजे वाहकाकडे त्या औषधाला दाद न देणारं जनुक हवं. अशा अटी एका भागातून दुसऱ्या भागात पसरत जातात, पर्याय गळत जातात, आणि निवड शेवटी होते. अट मांडा, अट पसरू द्या, मग निवडा. माझा सगळा धंदा या तीन पायऱ्यांवर चालतो.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही, गावही नाही. एका रासायनिक कारखान्याच्या नव्या विभागात पाइप कुठून कसे न्यायचे, याची आखणी आमच्या सॉफ्टवेअरनं करायची होती. कारखान्याच्या वेगवेगळ्या खात्यांनी अटींची यादी पाठवली. आपसूक वाहणाऱ्या पाइपला उतार किती, गरम पाइप आणि विजेच्या केबल यांत अंतर किती, वळणं कमीत कमी कशी, आधार कुठे, पंपाच्या तोंडाशी सरळ पाइप किती, फोर्कलिफ्टचा रस्ता किती रुंद. संगणकानं रात्रभर चालून आराखडा दिला. सगळ्या अटी पूर्ण, पाइपची लांबी कमी, खर्च कमी. बैठकीत सगळे खूश.

त्या बैठकीला देखभाल विभागाचे एक फोरमन चहाच्या वेळी सहज येऊन बसले होते. निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, हा व्हॉल्व्ह रात्रपाळीला फिरवायचा कुणी? स्पायडरमॅननं?”

व्हॉल्व्ह जमिनीपासून साडेतीन मीटरवर होता. यंत्राच्या दृष्टीनं त्यात काही चूक नव्हती. यादीतल्या व्हॉल्व्हला लांबी होती, वजन होतं, फ्लँजचे बोल्ट घालायला लागणारी जागा होती. तो फिरवणारा माणूस यादीत नव्हता. माणूस नाही, म्हणून त्याची उंची नाही, हात नाही, पाय ठेवायला जागा नाही. फोरमनना मी आणखी विचारत गेले, तेव्हा कळलं की तिथल्या हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांचा जुडगा साफसफाईसाठी सबंध बाहेर ओढावा लागतो. म्हणजे जेवढी त्याची लांबी, तेवढी जागा समोर मोकळी हवी. आराखड्यात तिथून दोन पाइप आडवे गेले होते.

त्यांच्या अटी यादीत घातल्या आणि यंत्र पुन्हा चालवलं. या वेळी उत्तर आलं: उकल नाही. 3, 4 आणि 8 सेंटिमीटरचा त्रिकोण!

इथं या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग कळतो. ‘जमत नाही’ एवढंच ते सांगत नाही. नेमक्या कुठल्या अटी एकमेकींशी भांडतायत, तेही शोधून देतं. शेकडोंपैकी चार अटी पुढे आल्या: नळ्या ओढायची जागा, फोर्कलिफ्टचा रस्ता, पंपाची ठरलेली जागा आणि पाइपवरच्या खर्चाची मर्यादा. चौघींतली कुठलीही एक सैल करा, बाकीचं जमतं. यंत्राचं काम इथं संपलं. कुठली सैल करायची, हे त्याला कळत नाही. त्याला चारही सारख्याच.

बैठकीतला पहिला सूर काय असेल, तुम्ही ओळखलंच असेल. “देखभालवाले बघतील काहीतरी. शिडी लावतील, पाइप तात्पुरते काढतील.” फोरमन त्या दिवशी खोलीत नव्हते. मी एवढंच म्हटलं, की प्रत्येक अटीपुढे दोन रकाने भरू: ही अट कुणाची आणि का. पंपाची जागा पायाशी बांधलेली होती, काँक्रीट पडून गेलेलं. खर्चाची मर्यादा वरून आलेली. नळ्यांच्या अटीपुढे लिहिलं, ‘देखभाल, नाहीतर कारखाना बंद ठेवून पाइप कापावे लागतील’. आणि फोर्कलिफ्टच्या रस्त्यापुढे दोन दिवस कुणालाच काही लिहिता येईना. शोध घेतला तेव्हा कळलं, की ती रुंदी एका जुन्या, मोठ्या फोर्कलिफ्टसाठी होती. ती गाडी केव्हाच विकलेली. अट मात्र एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत राहिली होती. रस्ता थोडा अरुंद केला, आणि आराखडा बसला. व्हॉल्व्हचं चाक छातीच्या उंचीला आलं.

तेव्हापासून मी अटींचे तीन प्रकार मानते. पहिल्या निसर्गाच्या: पाणी उताराकडेच जातं, तिथं घासाघीस नाही. दुसऱ्या माणसांच्या: कुणाची तरी सुरक्षितता, कुणाचा तरी वेळ, कुणाचे तरी पैसे. त्या समोरासमोर बसून ठरवायच्या. तिसऱ्या सवयीच्या: मालक निघून गेला, अट राहिली. यंत्राला हा फरक दिसत नाही. आणि जी अट कुणी बोललंच नाही, ती तर त्याला अजिबात दिसत नाही.

हल्ली तुम्ही सगळे मोबाइलवर बोलणारी, लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरता. मला विचारतात, आता तुझ्या या जुन्या पद्धतींचं काय काम? काम आहे. ती बोलणारी यंत्रं आपल्या साध्या वाक्यातून अटी काढून द्यायला चांगली मदत करतात. पण त्यांनी ठासून दिलेला आराखडा सगळ्या अटी पाळतो का, हे त्यांच्या शब्दावर मानता येत नाही. ते एकेक अट लावून तपासावं लागतं, आणि ते तपासणारे प्रोग्रॅम याच जुन्या घराण्यातले. बोलण्यात हुशार आणि हिशेबात पक्का, हे दोन वेगळे गुण आहेत. आपल्या वर्गातही ते क्वचितच एका बाकावर बसायचे.

आता शेवटचं, आणि त्यासाठीच मी हे सगळं सांगितलं. आपण माजी विद्यार्थी मिळून शाळेला नवी प्रयोगशाळा बांधून देणार आहोत. निधी जमतो आहे, नकाशा अजून काढलेला नाही. म्हणजे आपण कच्च्या आकृतीच्या टप्प्यावर आहोत, आणि अट मांडायला सगळ्यांत स्वस्त वेळ हीच.

एक उदाहरण घेऊ. समजा, जोतं दोन फूट उंच हवं, कारण पावसाळ्यात मैदानाचं पाणी त्या बाजूला येतं. ही निसर्गाची अट. चाकाच्या खुर्चीवरचं मूल स्वतःच्या बळावर आत जाऊ शकलं पाहिजे. ही माणसाची. रॅम्पला एक इंच चढण्यासाठी एक फूट लांबी लागते, म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट. दारापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत अठरा फूटच जागा असेल, तर रॅम्प सरळ बसत नाही. मध्ये वळवावा लागतो. बारा फुटांचे दोन तुकडे, आणि वळणावर खुर्ची फिरवायला पाच फुटांची सपाट जागा. बारा आणि पाच सतरा, बसला. पण वळवल्यामुळे रुंदी दुप्पट झाली, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या नळांना दुसरीकडे जागा शोधायला हवी. पाहा, एका अटीनं किती घरं बदलली! हे आत्ता कळलं तर पेन्सिलनं खोडता येतं. बांधकाम झाल्यावर कळलं, तर ‘जागाच नव्हती’ असं म्हणून आपण हळहळतो आणि ते मूल दाराबाहेर राहतं.

म्हणून मी नोंदणीच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: अट काय, कुणाची, का. ती वही आपण इंजिनिअर आणि देणगीदार मंडळींनी आधी भरायची नाही. आधी शाळेच्या शिपाईकाकांनी भरायची, कारण सिलिंडर कुठून आत येतो आणि सांडलेलं आम्ल कोण पुसतं हे त्यांना ठाऊक आहे. मग सफाई करणाऱ्या मावशींनी. मग पाचवीतल्या मुलांनी, ज्यांचा हात बेसिनच्या नळापर्यंत पोचत नाही. मग मुलींनी. मग विज्ञानाच्या बाईंनी, ज्यांना एका जागी उभं राहून सगळी टेबलं दिसायला हवीत. त्यानंतर आपण.

सगळ्या अटी एकत्र बसणार नाहीत, हे मी आजच सांगते. कुठेतरी ‘उकल नाही’ असं येईल. तेव्हा कुठल्या अटी भांडतायत, हे शोधून द्यायचं काम माझं; ते मी विनामूल्य करीन. पण कुठली सोडायची, हे ठरवताना ज्याची अट सुटणार आहे तो माणूस त्या खोलीत हजर असला पाहिजे. एवढी एक अट माझी. वहीत पहिल्या ओळीवर मी ती नावासकट लिहून ठेवली आहे. दुसरी ओळ रिकामी आहे, आणि पेन वहीलाच बांधलेलं आहे.